पंचांनी सामन्याची नोंद ठेवावी काय? बीड जिल्ह्याच्या मैदानांच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाची मांडणी

सामना चालू असताना पंचाने चित्रण किंवा ध्वनिमुद्रण करणारे साधन वापरावे काय, हा प्रश्न वरकरणी एकच दिसत असला तरी त्याच्या पोटात चार निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. दिलेला निर्णय तिथल्या तिथे तपासता यावा म्हणून नोंद हवी, पंचाला होणारी शिवीगाळ व मारहाण रोखण्यासाठी हवी, सामन्यानंतरचे आक्षेप, चौकशी आणि प्रशिक्षण यांसाठी हवी, की प्रेक्षकांना खेळ पंचाच्या डोळ्यांनी दिसावा म्हणून हवी, हे आधी ठरवावे लागते; कारण उद्देश बदलला की साधन बदलते, ते कोणाच्या हाती असावे हे बदलते आणि नोंद किती काळ व कोणी जपायची याचेही उत्तर बदलते. या प्रश्नावर होणारी बरीचशी चर्चा फसते ती या चार उद्देशांची सरमिसळ झाल्यामुळे.

बीड जिल्हा या चर्चेसाठी चांगले उदाहरण ठरतो. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे, पाटोद्याचा राहुल आवारे आणि मूळ बीड जिल्ह्यातील कुटुंबातून आलेली, २०२५ साली पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे या तिघांमुळे जिल्ह्याचे नाव अशा मैदानांवर पोहोचले आहे, जिथे पंचाच्या मागे कॅमेऱ्यांची फौज उभी असते. दुसरीकडे याच जिल्ह्यातील गावोगावच्या जत्रांतील कुस्तीचे फड, तालुका पातळीवरील शालेय कबड्डी व खो-खो स्पर्धा आणि जिल्हा संघाच्या निवड चाचण्या अशा ठिकाणी होतात, जिथे पंचाजवळ शिटी, घड्याळ आणि गुणपत्रक यांपलीकडे काही नसते. या दोन टोकांमधले अंतर ध्यानात घेतल्याशिवाय दिलेले कोणतेही उत्तर एकाच टोकाला लागू पडणारे ठरते.

आज सामन्याचे चित्रण होते की नाही, हा वादाचा विषय उरलेलाच नाही. फडाभोवती बसलेल्या प्रेक्षकांतील कित्येकांच्या हातात मोबाईल असतो आणि निकाली कुस्तीचा क्षण एकाच वेळी अनेक बाजूंनी टिपला जातो. ज्याच्याजवळ त्या क्षणाची कोणतीही नोंद नसते असा मैदानावरील एकमेव माणूस बहुधा पंचच असतो, आणि जाब मात्र त्यालाच विचारला जातो. त्यामुळे चित्रण असावे की नसावे यापेक्षा ते कोणाच्या ताब्यात, कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या कामासाठी असावे, हाच या विषयाचा गाभा आहे.

गुणपत्रकापासून कॅमेऱ्यापर्यंत

पंचाने नोंद ठेवणे ही काही नवी कल्पना नाही. गुणलेखकाने भरलेले आणि दोन्ही कर्णधारांच्या व सरपंचाच्या, म्हणजे मुख्य पंचाच्या, सह्या असलेले गुणपत्रक ही सामन्याची पहिली अधिकृत नोंद होय, आणि संघटित खेळाचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे. गुणपत्रक निर्णय काय झाला ते सांगते, पण तो का झाला हे सांगत नाही. चित्रणाची मागणी पुढे आली ती ही उणीव भरून काढण्यासाठी.

क्रिकेटमध्ये हे पाऊल १९९२ साली पडले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दरबान येथे झालेल्या भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातील कसोटीत मैदानाबाहेर बसून दूरचित्रवाणीवरील चित्रण पाहणाऱ्या तिसऱ्या पंचाची योजना प्रथमच झाली, आणि त्या पंचाने बाद दिलेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर होता. जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर तो धावबाद झाला की नाही याची खात्री नसल्याने मैदानावरील पंच सिरिल मिचली यांनी निर्णय वर पाठवला आणि कार्ल लीबेनबर्ग यांनी चित्रण पाहून तो दिला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की शंका पंचाची होती आणि साधन मागण्याचा अधिकारही पंचाचाच होता. २००८ साली श्रीलंकेतील मालिकेत जी पुनरावलोकन पद्धत चाचणीदाखल आली, तिने हा अधिकार खेळाडूंनाही दिला. त्याच वर्षीच्या जानेवारीत सिडनी कसोटीतील निर्णयांवरून मोठा गदारोळ होऊनही भारतीय क्रिकेट मंडळ या पद्धतीबाबत बराच काळ साशंक राहिले, आणि इंग्लंडविरुद्धच्या २०१६ च्या मालिकेपासून तिने मायदेशातील कसोटी सामन्यांत प्रवेश केला.

फुटबॉलमध्ये चित्रसाहाय्यक पंचांची पद्धत २०१८ साली नियमांत दाखल झाली, तर रग्बीमध्ये पंचाच्या अंगावरील ध्वनिग्राहकामुळे त्याचे खेळाडूंशी होणारे बोलणे प्रेक्षकांना ऐकू जाण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. या सगळ्या खेळांत एक गोष्ट समान आढळते. साधन आले म्हणून मैदानावरील पंचाचा निर्णय रद्दबातल झाला नाही. उलट क्रिकेटने तर चेंडूच्या संभाव्य मार्गाविषयी यंत्राच्या अंदाजात अनिश्चितता राहते हे मान्य करून, निसटत्या प्रसंगी पंचाचाच मूळ निर्णय कायम ठेवण्याचे तत्त्व नियमात बसवले.

धावपट्टी: जिथे नोंदीने निकाल बदलला

चित्रणाच्या बाजूने देता येईल असा सर्वांत ठोस दाखला बीडच्याच खेळाडूचा आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दोहा येथील जागतिक मैदानी स्पर्धेत ३००० मीटर अडथळा शर्यतीच्या प्राथमिक फेरीत अविनाश साबळेच्या वाटेत दुसऱ्या धावपटूमुळे अडथळा आला. त्याने ८ मिनिटे २५.२३ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम नोंदवला, तरी सातव्या स्थानामुळे तो अंतिम फेरीबाहेर राहिला. भारतीय पथकाने आक्षेप नोंदवला, पंचांनी शर्यतीचे चित्रण तपासले, अडथळा झाल्याचे मान्य केले आणि साबळेला अंतिम फेरीत जादा धावपटू म्हणून घेतले. त्या फेरीत त्याने ८ मिनिटे २१.३७ सेकंद अशी वेळ देऊन टोकियो ऑलिंपिकचा ८ मिनिटे २२ सेकंदांचा पात्रता निकष ओलांडला. पंधरा धावपटूंचा घोळका अडथळ्यावरून उड्या घेत असताना कोणाचा पाय कोणाच्या आड आला हे धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या पंचाला दिसणे अवघडच असते. चित्रण नसते तर आक्षेप हा केवळ एका पथकाचा दावा ठरला असता आणि तो फेटाळला जाण्याचीच शक्यता अधिक होती.

याच धावपटूचा दुसरा प्रसंग नोंदीच्या अचूकतेविषयी आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोटने ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत शर्यत जिंकली आणि साबळेला ८ मिनिटे ११.२० सेकंद अशी वेळ मिळून रौप्यपदक लाभले. हातातील घड्याळाने मोजलेली वेळ वरच्या दशांशात धरण्याच्या नियमानुसार या दोघांचीही वेळ ८ मिनिटे ११.२ सेकंद अशीच लिहिली गेली असती. त्यांच्यातील पाच शतांश सेकंदांचा फरक दाखवला तो अंतिम रेषेच्या सरळ रोखाने बसवलेल्या आणि सेकंदाला हजारांच्या घरात चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने. साधा मोबाईल सेकंदाला बहुधा तीस चित्रे घेतो, म्हणजे पाच शतांश सेकंदांत त्याच्या वाट्याला एक किंवा दोन चित्रे येतात, आणि तो रेषेच्या रोखात नसेल तर मागचा धावपटू पुढे असल्याचाही भास होऊ शकतो. म्हणून नोंद असणे आणि निर्णयाला पुरेशी नोंद असणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या पाहिजेत.

कुस्ती: पाठ लागली की नाही

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वाधिक तापला तो कुस्तीत. मातीवरच्या परंपरागत कुस्तीत पाठ लागणे, म्हणजे दोन्ही खांदे जमिनीला टेकणे, हाच निकाल होय आणि तो फडावरील पंच जागेवर देतो. हलगीच्या कडकडाटात, उसळलेल्या गर्दीसमोर हा निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो. पाठीला लागलेली माती पुरावा म्हणून दाखवली जाते खरी, पण कुस्ती जुंपण्याआधी पैलवान एकमेकांच्या अंगाला माती लावतात आणि झोंबाझोंबीत ती सर्वांगाला लागतेच, त्यामुळे पाठीवरची माती काहीच सिद्ध करत नाही.

मॅटवरील कुस्तीत जागतिक संघटनेच्या नियमांनी हा भार तिघांत वाटला आहे. मनगटांवर लाल व निळ्या पट्ट्या बांधलेला पंच मॅटवर असतो, कडेला बसलेला न्यायाधीश गुण नोंदवतो आणि तिसरा मॅटप्रमुख दोघांत मतभेद झाल्यास निवाडा करतो. चीतपटीचा निर्णयही पंचाला एकट्याने देता येत नाही, त्याला उरलेल्या दोघांपैकी एकाची संमती लागते. यावर आणखी एक तरतूद आहे ती आव्हानाची. गुणाविषयी शंका असल्यास पैलवानाचा प्रशिक्षक मॅटवर मऊ ठोकळा टाकून चित्रण पाहण्याची मागणी करू शकतो, मात्र आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि त्या कुस्तीपुरता आव्हानाचा अधिकार संपतो. ऊठसूट आव्हान देण्याला या दंडामुळे आळा बसतो. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाचे कांस्यपदक मिळवणारा राहुल आवारे पाटोद्याच्या मातीतून निघून याच नियमांच्या चौकटीत लढला. पण ज्या जत्रांमधून असे पैलवान घडतात तेथे या चौकटीतील तिघांपैकी बहुतेकदा एकच पंच हजर असतो.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेतील अलीकडचे दोन वाद या चौकटीच्या मर्यादा दाखवतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर मारलेल्या बाहेरच्या टांगेला चार गुण देण्यात आले. खाली पाडले तर दोन गुण आणि पाडताना प्रतिस्पर्धी धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ जमिनीकडे काटकोनापेक्षा कमी कोनात वळलेल्या अवस्थेत, गेला तर चार गुण, असा नियम असल्याने सारा वाद त्या कोनावर आला. प्रेक्षकांनी टिपलेल्या चित्रफिती पुढचे कित्येक दिवस समाजमाध्यमांवर फिरत राहिल्या, प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या बाजूचा तुकडा पुढे केला, आणि पंचाला फोनवरून धमकावल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चीतपट झाल्याचा निर्णय शिवराज राक्षेने अमान्य केला, चित्रण पाहून निकाल देण्याची मागणी केली आणि पुढे पंचाला लाथ मारण्यापर्यंत प्रकरण गेले; त्याच दिवशी महेंद्र गायकवाडनेही अंतिम लढत गुणाच्या वादावरून सोडली, आणि राज्य कुस्तीगीर संघाने दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर केली.

पंचावर हात उचलण्याचे समर्थन कोणत्याही निर्णयाच्या चुकीने होत नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. त्याचबरोबर हेही मान्य करावे लागते की दोन्ही प्रसंगी चित्रणाची वाण नव्हती. वाण होती ती ज्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास बसेल अशा, ठरलेल्या कोनातून घेतलेल्या आणि निर्णयाच्या वेळी ठरलेल्या पद्धतीने पाहिल्या जाणाऱ्या अधिकृत नोंदीची. चीतपटीच्या बाबतीत तर कॅमेऱ्याचा कोनच कळीचा असतो. वरून घेतलेल्या चित्रात खांद्याखालची फट दिसत नाही आणि बाजूने घेतलेल्या चित्रात वरच्या पैलवानाचे अंग आड येते. म्हणूनच कुस्तीचा पंच स्वतः पोटावर आडवा होऊन मॅटच्या पातळीवरून पाहतो. हे काम त्याच्या छातीवर बांधलेल्या कॅमेऱ्याने होणार नाही, कारण आडवे झाल्यावर त्या कॅमेऱ्याला मॅटखेरीज काही दिसणार नाही.

दम आणि खो: ऐकण्यावर उभे असलेले खेळ

पंचाच्या साधनांची चर्चा पाश्चात्त्य खेळांच्या अनुषंगाने झाल्यामुळे ती बहुतेक वेळा केवळ चित्राभोवती फिरते. पण बीडच्या शाळांत सर्वाधिक खेळले जाणारे दोन खेळ नियमतःच आवाजावर उभे आहेत. कबड्डीत चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी’ या शब्दाचा स्पष्ट उच्चार एका दमात करत राहावे लागते आणि दम तुटला तर चढाई बाद ठरते. खो-खोत बसलेल्या साथीदाराला पाठीमागून हाताचा स्पर्श करून त्याच वेळी ‘खो’ असे मोठ्याने म्हणावे लागते, आणि स्पर्श व शब्द यांची सांगड तुटली तर नियमभंग होतो. अशा वेळी कडेला ठेवलेल्या कॅमेऱ्यातून हालचाल दिसेल, पण दम केव्हा तुटला किंवा ‘खो’ आधी म्हटला की नंतर हे कळणार नाही, कारण त्याच्या ध्वनिमुद्रणात प्रेक्षकांचा गलकाच अधिक असेल. पंचाच्या अंगावर साधन असावे या सूचनेला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो येथे, कारण कबड्डीचा पंच मैदानालगत आणि खो-खोचा पंच पळतीच्या जवळ असतो आणि त्याच्या कॉलरला लावलेला छोटा ध्वनिग्राहक खेळाडूचा उच्चार टिपू शकतो.

तथापि नोंद कितीही चांगली असली तरी नियमच संदिग्ध असेल तर तिचा उपयोग होत नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यातील पुरुष कबड्डीचा अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत असताना आणि जेमतेम मिनिटभराचा खेळ उरला असताना पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता लॉबीत, म्हणजे झटापट झाल्यावरच खेळात धरल्या जाणाऱ्या कडेच्या पट्ट्यात गेला आणि त्याच्या पाठोपाठ इराणचे बचावपटूही गेले. कोण कोठे गेले याविषयी चित्रणात कोणतीच शंका नव्हती. वाद होता तो अशा प्रसंगी एकटा चढाईपटू बाद की मागे गेलेले बचावपटूही बाद, याविषयी, कारण जुना नियम एक सांगत होता आणि व्यावसायिक लीगमधून रूढ झालेला नियम दुसरे. निर्णय फिरत राहिले, खेळ सुमारे तासभर थांबला आणि शेवटी भारताने ३३-२९ असा विजय मिळवला. या प्रकरणाचा धडा जिल्हा पातळीवर अधिकच लागू पडतो, कारण तेथे जुन्या आणि नव्या नियमपुस्तिका शेजारी शेजारी वापरात असतात. एकाच स्पर्धेत दोन पंच दोन आवृत्त्यांनी निर्णय देत असतील तर कॅमेरा फक्त त्यांच्यातील विसंगती टिपून ठेवील.

पंचाच्या अंगावरचा कॅमेरा

पंचाने स्वतःच साधन अंगावर बाळगण्याचा प्रयोग फुटबॉलमध्ये पुष्कळ पुढे गेला आहे. त्या खेळाच्या पाचव्या नियमानुसार मैदानावरील पंचांना कॅमेऱ्यासह कोणतेही अनधिकृत इलेक्ट्रॉनिक साधन वापरण्यास या प्रयोगांच्या वेळी मनाई होती, आणि म्हणून असा प्रत्येक प्रयोग नियम बनवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या खास परवानगीने करावा लागला. २०२३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये हौशी प्रौढ लीगमधील सुमारे शंभर पंचांना छातीवर बांधायचे कॅमेरे देण्याचा प्रयोग सुरू झाला तो गोल झाला की नाही हे ठरवण्यासाठी नव्हे, तर पंचांना होणारी शिवीगाळ आणि मारहाण कमी करण्यासाठी. गैरवर्तन घडल्यास ते चित्रण शिस्तभंगाच्या सुनावणीत पुरावा म्हणून मांडता येईल, एवढाच त्याचा हेतू होता. याउलट मे २०२४ मध्ये इंग्लिश प्रीमियर लीगच्या एका सामन्यात पंचाने लावलेला कॅमेरा आणि २०२५ च्या क्लब विश्वचषकातील पंचांचे कॅमेरे यांचा भर प्रामुख्याने प्रेक्षकांना पंचाच्या नजरेतून खेळ दाखवण्यावर होता.

महाराष्ट्राच्या जिल्हा पातळीला यांतील पहिला प्रयोग जवळचा आहे. येथे पंच म्हणून उभे राहणारे बहुसंख्य लोक शाळांतील क्रीडाशिक्षक किंवा माजी खेळाडू असतात, त्यांना मिळणारे मानधन तुटपुंजे असते, सामना संपल्यावर पोलीस बंदोबस्त नसतो आणि दुसऱ्या दिवशी ज्या गावाविरुद्ध निर्णय दिला त्याच गावातून त्यांना ये-जा करायची असते. अशा पंचाशी होणारे बोलणे नोंदले जात आहे हे सर्वांना माहीत असणे, एवढ्यानेही तोंडातील शब्द आवरले जातात. हे संरक्षण पंचाला मिळते तसेच खेळाडूलाही मिळते. पंचाने जात, गाव किंवा शाळा काढून अपमान केल्याची तक्रार एखाद्या मुलाने केली तर तीही याच नोंदीवरून तपासता येते. हे दुहेरी उत्तरदायित्व मान्य नसेल, तर पंचांनी कॅमेरा मागू नये हे बरे.

आक्षेप आणि त्यांचे मोल

या साधनांविरुद्धचे आक्षेप पोकळ नाहीत. पहिला आक्षेप पंचाच्या अधिकाराविषयी आहे: निर्णय पुन्हा तपासला जाणार हे ठाऊक असलेला पंच ठामपणे निर्णय देत नाही आणि प्रत्येक कठीण प्रसंग यंत्राकडे ढकलतो, असे म्हटले जाते. क्रिकेटमधील धावबादाच्या निर्णयांकडे पाहता ही भीती सर्वस्वी खोटी म्हणता येत नाही. पण आव्हानांची संख्या मर्यादित ठेवणे आणि चुकीच्या आव्हानाला दंड लावणे या कुस्तीतील उपायाने ती बरीच आटोक्यात राहते.

दुसरा आक्षेप चित्रणाच्या विश्वासार्हतेविषयी आहे. संथ गतीने पाहिलेली कृती प्रत्यक्षात होती त्यापेक्षा अधिक हेतुपुरस्सर वाटते, असे मानसशास्त्रीय प्रयोगांत आढळले आहे. त्यामुळे धक्का मुद्दाम दिला की लागला, हे ठरवताना चित्रण मूळ गतीने पाहणेच योग्य असते. याखेरीज सेकंदाला तीस चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात सेकंदाला सहा मीटर वेगाने झेपावणारा खो-खोपटूचा हात दोन चित्रांच्या मधल्या वेळात वीस सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो, आणि स्पर्श नेमका त्याच वेळात झालेला असू शकतो. म्हणून चित्रणावरून निर्णय फिरवायचा तो चूक निःसंशय दिसत असेल तेव्हाच, आणि शंका उरल्यास मैदानावरील निर्णय कायम ठेवायचा, हे तत्त्व सर्व खेळांनी स्वीकारणे इष्ट ठरते.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो जितका मोठा मानला जातो तितका नाही. साधा मोबाईल आणि तिपाई यांवर घेतलेल्या एका तासाच्या चित्रणाला साधारण चार ते आठ जीबी जागा लागते. म्हणजे जिल्हास्तरीय दोन दिवसांच्या निवड चाचणीत एका मैदानाचे सगळे सामने १२८ जीबीच्या एका किंवा दोन कार्डांत मावतात. अवघड गोष्ट आहे ती कार्ड विकत घेण्याची नव्हे, तर त्यावर तारीख, गट आणि सामना क्रमांक लिहून ते जबाबदार माणसाच्या ताब्यात देण्याची.

कायदा आणि अल्पवयीन खेळाडू

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होत असल्याने चित्रणात दिसणारे बहुतेक खेळाडू अल्पवयीन असतात. वैयक्तिक अंकीय विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिच्याविषयीच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अपेक्षा ठेवतो. त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यामुळे प्रवेश अर्जासोबतच चित्रणाचा हेतू, ते कोण पाहील आणि केव्हा पुसले जाईल हे पालकांना सांगून संमती घेणे, हा शहाणपणाचा मार्ग आहे. पंचाच्या अंगावरील साधन कपडे बदलण्याच्या खोलीत, दुखापतीवर उपचार चालू असताना किंवा प्रशिक्षकाच्या खासगी बोलण्याच्या वेळी बंद असले पाहिजे, हे तर सांगायलाही नको.

प्रकरण पोलिसांत गेले तर पुराव्याचा प्रश्न येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने काढलेली व आशयात किंचितही बदल झाल्यास बदलणारी ओळख, नमूद करण्याची सोय आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली चित्रफीत पाठवताना आकुंचित होत असल्याने तिचे हे मूल्य मूळ फाईलशी जुळत नाही. मूळ कार्ड जपून ठेवणारी संस्था नसेल तर हजारो लोकांनी पाहिलेले चित्रणही कमकुवत पुरावा ठरू शकते.

जिल्हा पातळीवरील मांडणी

या सगळ्याचा मेळ घातल्यास बीडसारख्या जिल्ह्यासाठी तीन थर वेगळे करावे लागतात. जत्रेच्या फडात पंचाचा निर्णय अंतिम असणे हाच त्या खेळाचा संकेत आहे आणि तो मोडण्याचे कारण नाही. तेथे मानाच्या कुस्तीपुरता फडाच्या दोन लगतच्या बाजूंना जमिनीलगत एकेक कॅमेरा यात्रा समितीने ठेवावा, आणि त्याचा उपयोग निकाल बदलण्यासाठी नव्हे, तर नंतरची भांडणे व आरोप मिटवण्यासाठी करावा. राज्यस्तरीय आणि केसरी दर्जाच्या स्पर्धांत मात्र अधिकृत चित्रण, आव्हानाचा अधिकार आणि वादग्रस्त चीतपटीची तपासणी यांची पद्धत लढतीपूर्वी दोन्ही प्रशिक्षकांना वाचून दाखवली गेली पाहिजे, कारण तिथल्या एका निर्णयावर लाखोंची बक्षिसे आणि पैलवानाचे नाव अवलंबून असते.

सर्वांत दुर्लक्षित थर मधला आहे, तो म्हणजे शालेय स्पर्धा आणि जिल्हा निवड चाचण्या. येथील निकालावर मुलाचे विभागीय व राज्य पातळीवर जाणे ठरते, दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण ठरतात आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा दावाही याच प्रमाणपत्रांवर उभा राहतो. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर सामन्याच्या अधिकृत चित्रणाला एक वेगळेच महत्त्व आले आहे: निर्णय बरोबर होता की नाही हे ते सांगो वा न सांगो, पण सामना खरोखर झाला, त्या दिवशी झाला आणि प्रमाणपत्रावर नाव असलेला खेळाडू त्यात खेळला, एवढे ते निश्चित सांगते. गुणपत्रक मागाहून लिहिता येते; ठरल्या दिवशी घेतलेले आणि त्याच संध्याकाळी जमा केलेले अखंड चित्रण मागाहून तयार करणे फार कठीण असते.

म्हणून पंचाच्या हातात किंवा छातीवर कॅमेरा देण्याआधी त्या नोंदीला घर देणे आवश्यक आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय किंवा संबंधित खेळाची जिल्हा संघटना यांपैकी कोण कार्ड ताब्यात घेणार, आक्षेपाची मुदत किती, ती संपल्यावर अल्पवयीनांचे चित्रण केव्हा पुसायचे, कोणत्या नियमपुस्तिकेनुसार ते पाहायचे आणि पंचाला स्वतःचे निर्णय पुन्हा पाहून शिकण्यासाठी ते केव्हा उपलब्ध करायचे, या पाच गोष्टी एका पानावर लिहून स्पर्धेच्या परिपत्रकाला जोडता येतात. ते पान असेल तर तिपाईवरचा साधा मोबाईलही पंचाला आधार देईल. ते नसेल तर महागडा कॅमेरा समाजमाध्यमांवरील भांडणाला आणखी एक चित्रफीत पुरवण्यापलीकडे काही करणार नाही. निर्णय देण्याचे काम पंचाचेच आहे आणि ते तसेच राहावे. त्याची नोंद जपण्याचे काम मात्र त्याच्या एकट्याच्या स्मरणावर आणि प्रेक्षकांच्या मोबाईलवर सोडून देण्याचे दिवस संपले आहेत.